देशांतर : गोवा ते लिस्बन

"गोव्याहून लिस्बन किती लांब हो?" हा प्रश्न आमच्या कार्यालयाच्या खिडकीवर आठवड्यातून एकदा तरी कानावर पडतोच. खरे तर तो आमच्या कामाचा नव्हे. आमचे काम जुन्या जन्मनोंदींचे उतारे देण्याचे. पोर्तुगीज अमदानीतल्या जाडजूड वह्या उघडायच्या, वाळवीने खाल्लेल्या कडा सांभाळत नाव शोधायचे, आणि शिक्का मारून कागद हातात ठेवायचा. पण ज्याला आजोबांच्या जन्माचा उतारा हवा असतो, त्याला बहुधा पुढे लिस्बनला जायचे असते, आणि त्याच्याबरोबर आलेल्या आईला किंवा बायकोला हा प्रश्न विचारायचा असतो. सरकारी माणसाला सगळे ठाऊक असते, असा आपल्या लोकांचा एक गोड समज आहे. तो मोडवत नाही. म्हणून मी एके रविवारी बसून या प्रश्नाचे उत्तर नीट शोधून काढले. उत्तर एक मिळेल असे वाटले होते, मिळाली तीन.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्यापूर्वी इथे जन्मलेली माणसे पोर्तुगालच्या दृष्टीने पोर्तुगीज नागरिक. त्यांची आणि त्यांच्या मुला-नातवंडांची जन्मनोंद लिस्बनला करून घेऊन हजारो गोमंतकीयांनी पोर्तुगीज पासपोर्ट मिळवले. त्यात ख्रिस्ती आहेत, हिंदू आहेत, मुसलमानही आहेत. कोणी लिस्बनलाच राहिले, पुष्कळजण पुढे इंग्लंडला गेले. त्या स्थलांतराचे बरे-वाईट आज सांगायचे नाही. आज विषय फक्त अंतराचा.

पहिले उत्तर किलोमीटरांचे. दाबोळी विमानतळ ते लिस्बन विमानतळ हे हवाई अंतर सुमारे ८,३५० किलोमीटर आहे. मोपाहून मोजले तर वीसएक किलोमीटर कमी. आता हे अंतर कुठून मोजायचे, हीच मोठी गंमत आहे. भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर पट्टी ठेवून गोवा आणि लिस्बन जोडा. रेघ अरबस्तानच्या वाळवंटातून, तांबड्या समुद्रावरून, इजिप्त आणि लिबियावरून जाते. पण हा सर्वांत जवळचा रस्ता नाही. पृथ्वी गोल, नकाशा सपाट. शाळेतला पृथ्वीचा गोल घ्या, नाहीतर एक सोललेला नारळ घ्या, आणि दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा आपोआप उत्तरेकडे सरकतो. तो इराणच्या आखातावरून, इराकवरून, सायप्रस बेटाच्या जवळून, इटलीच्या दक्षिण टोकावरून आणि स्पेनच्या मायोर्का बेटाला घासून लिस्बनला पोचतो. विमानांचे मार्ग नकाशावर कमानीसारखे वाकलेले दिसतात ते याचमुळे. वाकडा असतो तो नकाशा, मार्ग सरळच असतो.

या ताणलेल्या दोऱ्यावर आणखी एक गाव सापडते, दुबई. गोवा ते दुबई सुमारे २,२१० किलोमीटर आणि दुबई ते लिस्बन सुमारे ६,१४० किलोमीटर. बेरीज करा, पुन्हा ८,३५० च्या आसपासच येते. म्हणजे दुबईला उतरून जाणारा माणूस वाट वाकडी करून जातो असे आपल्याला वाटते, पण दोऱ्याच्या हिशेबाने त्याची वाट दहा किलोमीटरनेही वाढत नाही. एवढा लांबचा प्रवास, आणि वाटेतला थांबा जणू मोजून रस्त्यावरच ठेवलेला!

तर हे पहिले उत्तर. पण खिडकीवरच्या आईला ८,३५० हा आकडा सांगून पाहा. ती मान हलवते आणि विचारते, "म्हणजे किती वेळ?"

दुसरे उत्तर वेळाचे, आणि इथे हिशेब बिघडायला लागतो. प्रवासी विमान ताशी साधारण ९०० किलोमीटरने जाते. भागाकार केला तर सव्वानऊ तास. उड्डाणाचा आणि उतरण्याचा वेळ धरून दहा तास म्हणू. पण आकाशात वारा असतो. आठ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. आपल्याकडून युरोपात जाताना ते समोरून येतात, परत येताना पाठीशी असतात. म्हणून जाणे लांबते आणि येणे लवकर होते. घरी येताना रस्ता छोटा वाटतो, हा अनुभव या बाबतीत शास्त्राने सिद्ध झालेला आहे.

वारा किती फरक करतो याचे एक उदाहरण मला फार आवडते. आपल्या एअर इंडियाचे दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को विमान पूर्वी पश्चिमेकडून, अटलांटिक ओलांडून जात असे. अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर, वेळ सोळा तासांहून अधिक. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी तेच विमान उलट्या दिशेने, पूर्वेकडून पॅसिफिक महासागरावरून नेले. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झाले, आणि वेळ घटून साडेचौदा तासांवर आला. चौदाशे किलोमीटर जास्त जाऊन माणसे दीड-दोन तास लवकर पोचली, कारण वारा पाठीशी होता. पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये सिंगापूर ते न्यूयॉर्क हे सुमारे १५,३५० किलोमीटरचे विमान सुरू झाले, ते वाटेत न थांबता अठरा तासांहून अधिक उडते. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर, म्हणजे जगातले कोणतेही दोन विमानतळ एकमेकांपासून २०,००० किलोमीटरपेक्षा लांब असूच शकत नाहीत. त्या हिशेबाने गोवा-लिस्बन हे निम्म्याहूनही कमी. जग इतके लहान झाले आहे, असे म्हणायला हरकत नाही.

पण हे म्हणताना मला आमच्या पणजीच्या पुराभिलेखागारातल्या वह्या आठवतात. 'मोन्सोंइश दु रेइनु' असे त्यांचे नाव. लिस्बनचा राजदरबार आणि गोव्याचा व्हाइसरॉय यांच्यातला पत्रव्यवहार त्यात बांधून ठेवला आहे. नावात मान्सून का? कारण पत्रे मान्सूनच्या वाऱ्यावर येत आणि जात. वास्को द गामा ८ जुलै १४९७ रोजी लिस्बनहून निघाला आणि २० मे १४९८ रोजी कालिकतला पोचला, म्हणजे ३१६ दिवस. पुढे वाट ठरून गेली. जहाजे मार्च-एप्रिलच्या सुमारास लिस्बन सोडायची, आफ्रिकेला वळसा घालून सहाएक महिन्यांनी पावसाळा संपता संपता गोव्याला लागायची, आणि डिसेंबर-जानेवारीच्या वाऱ्यावर परत फिरायची. गोव्याहून पत्र पाठवले, तर त्याचे उत्तर हाती यायला दीड-दोन वर्षे. कारकून म्हणून मला त्या वह्यांतल्या लेखनिकांची दया येते आणि थोडा हेवाही वाटतो. वरून उत्तर येईपर्यंत निम्मे प्रश्न आपोआप निकाली निघत असणार! पण हसणे सोडून विचार केला तर लक्षात येते की त्या जहाजांवर नुसती सरकारी पत्रे नव्हती, घरची खबरही होती. आणि ती पोचायची तेव्हा सहा महिन्यांची जुनी झालेली असायची.

दाबोळीचा विमानतळ पोर्तुगिजांनी १९५०च्या दशकात बांधला. भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली होती, भारतातून ये-जा बंद होत चालली होती. १९५५ मध्ये त्यांनी पोर्तुगीज इंडियाची स्वतंत्र विमान कंपनीच काढली. तिची विमाने दीव-दमणला आणि कराचीला जात, पुढे ती लिस्बनपर्यंत जाऊ लागली. म्हणजे शेजारचे मुंबई तोडून गोवा कराचीमार्गे जगाला जोडला गेला होता. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाने दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले. त्याच रात्री धावपट्टीचे खड्डे जमतील तसे बुजवून दोन विमाने तिथून निसटली, तीही कराचीकडे. त्यानंतर भारत आणि पोर्तुगाल यांचे संबंध पुन्हा जुळायला १९७४ साल संपावे लागले. मधली तेरा वर्षे हवाई अंतर तेच होते, ८,३५० किलोमीटर. एका मीटरचाही फरक पडला नव्हता. पण ज्यांची माणसे तिकडे राहिली होती त्यांना विचारा लिस्बन किती लांब होते ते.

आणि हा केवळ इतिहास नव्हे. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर रशियाचे आकाश युरोपच्या विमानांना बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमान कंपन्यांना बंद केले, भारतानेही तेच केले. दिल्लीहून पश्चिमेकडे जाणारी आपली विमाने अरबी समुद्रावरून वळसा घेऊ लागली आणि तास वाढले. दोरा ताणला म्हणजे सरळ रस्ता सापडतो खरा, पण त्या रस्त्यावरून जाऊ देणारे वेगळेच असतात.

आता तिसरे उत्तर. ते मला पुस्तकात सापडले नाही, घरात सापडले.

दोन वर्षांमागे माझे मामा वारले. पहाटे पाचला. त्यांचा एकुलता मुलगा लिस्बनला, तिथल्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला. गावचे भटजी म्हणाले, सूर्यास्ताच्या आत व्हावे हे बरे. शेजारपाजारचे म्हणाले, मुलाची वाट पाहा. सगळे बोलून झाल्यावर मामीने माझ्याकडे पाहून एवढेच विचारले, "तो केन्ना पावतलो?"

किती लांब, असे तिने विचारले नाही. किती तासांचे विमान, असेही नाही. केव्हा पोचेल, एवढेच.

मी मुलाशी फोनवर बोललो आणि उद्या दुपारपर्यंत, असे सांगितले. मामीने दोन मिनिटे डोळे मिटले आणि म्हणाली, थांबूया. मामांना इस्पितळाच्या शवागारात ठेवले. ती रात्र आम्ही सगळ्यांनी ओटीवर बसून काढली. मला सवय आहे, म्हणून हातातल्या वहीत मी वेळ टिपत गेलो. फोन गेल्यापासून तिकीट मिळेपर्यंत पाच तास. विमानतळावर जाणे आणि तिथे थांबणे चार तास. लिस्बन ते दुबई साडेसात तास. दुबईत पुढच्या विमानासाठी थांबणे दहा तास. दुबई ते गोवा तीन तास. विमानतळाबाहेर येऊन टॅक्सीने काणकोणच्या घरापर्यंत अडीच तास. एकूण बत्तीस. त्यांपैकी प्रत्यक्ष आकाशात साडेदहा तास. उरलेले साडेएकवीस तास तो जमिनीवर होता, आणि तरीही आमच्यापासून तितकाच लांब होता. दुबईच्या विमानतळावर एका खुर्चीत बसून त्याने दहा तास काढले. तिथून घर फक्त तीन तासांवर होते, आणि त्या तीन तासांना काही इलाज नव्हता.

आणखी एक गोष्ट त्या वहीत लिहायला हवी होती. पोर्तुगीज झाला म्हणजे तो भारताचा नागरिक राहिला नाही, आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. स्वतःच्या बापाला अग्नी द्यायला येतानाही त्याला एक कागद दाखवावा लागतो. त्याच्याकडे ओसीआय कार्ड होते, परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना २००५ पासून मिळू लागले ते. ते नसते तर व्हिसासाठी थांबावे लागले असते, आणि मग बत्तीस तासांचा आकडा कुठे गेला असता, सांगता येत नाही. विमानांच्या वेळापत्रकात हा थांबा कुठेच छापलेला नसतो.

तो दुपारी दीडच्या सुमारास घरी पोचला. अग्नी त्यानेच दिला. त्याची रजा दहा दिवसांची, त्यातले जाण्या-येण्याचे वजा केले तर हातात सात. बाराव्याला तो नव्हता. ते धाकट्या चुलतभावाने केले. तेव्हा मामी म्हणाली, "पावलो मरे, तें जाय तितलें जालें." पोचला ना, तेवढे पुरे झाले.

या 'पावणे' शब्दावर मी नंतर पुष्कळ विचार केला. कोकणीत पावप म्हणजे पोचणे. मराठीत देव पावतो, म्हणजे प्रसन्न होतो. आणि घरी जो येतो तो पावणा. पोचणे ही गोष्ट आपल्या पूर्वजांना इतकी बेभरवशाची वाटत असावी की देवाच्या प्रसन्न होण्याला आणि माणसाच्या पोचण्याला त्यांनी शेजारी शेजारी बसवले. आज वेळापत्रक, तिकीट, मोबाईल सगळे आहे, आणि तरीही त्या रात्री ओटीवर आम्ही जे म्हणत होतो ते एवढेच होते, की तो पावू दे.

मामांचे सुतक चालू असताना भटजींशी बोलताना 'देशांतर' हा शब्द निघाला. परगावी कोणी वारले आणि बातमी उशिरा आली, तर सुतक किती दिवस पाळायचे याचे नियम धर्मशास्त्रात आहेत. त्यासाठी मुळात लांब कशाला म्हणायचे ते ठरवावे लागले. काही शास्त्रकारांनी योजनांत आकडा दिला आहे. कोणी साठ योजने म्हणतो, कोणी चाळीस, कोणी तीस. त्यांचेही एकमत नाही! पण दुसरी एक व्याख्या आहे, ती मला फार शहाणपणाची वाटली. मध्ये मोठी नदी असेल, किंवा डोंगर आडवा असेल, किंवा जिथे गेल्यावर भाषा बदलते, ते देशांतर. म्हणजे लांबी नव्हे, अडथळा. किती कोस, यापेक्षा मध्ये काय आहे ते पाहा. शेकडो वर्षांपूर्वी ही व्याख्या करणाऱ्याने विमान पाहिले नव्हते, पण मामीचा प्रश्न मात्र त्याने नक्कीच ऐकला असणार. खबर केव्हा पोचेल आणि माणूस केव्हा पोचेल, याच्याचसाठी तर अंतर मोजायचे असते. आजची आपली मोठी नदी म्हणजे दुबईतले दहा तास, डोंगर म्हणजे व्हिसा, आणि भाषा तर बदलतेच.

माझ्या वडिलांचा जन्म १९४७ सालचा. म्हणजे माझ्या मुलीलाही तो कागद मिळण्यासारखा आहे. ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे, आणि तिच्या वर्गातल्या चौघी-पाच जणी याच विचारात आहेत. परवा जेवताना तिने सहज विचारले, "बाबा, आजोबांचा उतारा काढून ठेवूया का?" मी तिला हो म्हटलेले नाही आणि नकोही म्हटलेले नाही. दुसऱ्यांच्या मुलांचे उतारे मी वीस वर्षे काढून देतो आहे, स्वतःच्या घरातला काढताना हात जड होतो, हे खरे. पण तिला घरी बसवून ठेवण्यासाठी अंतराचा बागुलबुवा करायचा नाही, एवढे मी ठरवले आहे. तिच्या आईने मात्र लगेच विचारले, तिकडून यायला किती वेळ लागतो. मी वही काढून बत्तीस तासांचा तो हिशेब दोघींपुढे ठेवला, आणि सांगितले की जायचे असेल तर हा हिशेब पाठ करून जा. ओसीआयचा कागद आधी, मग बाकीचे. अडचणीच्या तिकिटापुरते पैसे बाजूला काढून ठेव, त्यांना हात लावू नकोस. आणि आमच्यासाठी किती वेळ थांबायचे, ते आपण तिघे आताच, सगळे धडधाकट असताना, बोलून ठेवूया. तिची आई उठून भांडी घासायला गेली. मुलगी मात्र बसून राहिली, आणि वहीतला एक एक आकडा वाचत राहिली.

वाचकहो, तुमच्यापैकी अनेकांची मुले, भाऊ, बहिणी दुबई, लंडन, टोरंटो, मेलबर्न अशा ठिकाणी असतील. दोन विमानतळांमधले अंतर संगणकावर क्षणात मिळते, ते बघायला माझी गरज नाही. पण दारापासून दारापर्यंतचा तुमच्या घरचा हिशेब किती तासांचा आहे, तो एकदा कागदावर मांडून पाहा. आणि मांडलात तर तो कागद एकट्याने पाहू नका, घरात सगळ्यांना दाखवा.